टपरीची परीक्षा

सोमवार, ४ मार्च

‘हात लावू नये’ या पाटीपुढे आयुष्यभर हात मागे बांधून उभे राहिलेल्यांनो, ती पाटी वाचताच न आलेल्यांनो, आणि ती टांगली आहे तिथवर ज्यांची मान पोचत नाही अशा माझ्या सोबत्यांनो, आपली तक्रार एकच आहे. संग्रहालयं आपल्याला आत घेतात, पण आतलं काही आपल्यापर्यंत पोचू देत नाहीत.

हे भाषण आज संग्रहालयाच्या पायरीवर करायचं होतं. पाठही केलं होतं. आम्ही चौदा जण गेलो होतो : दोन व्हीलचेअर, चार पांढऱ्या काठ्या, माझी कुबडी आणि एक फलक. कर्णा नेला नव्हता. संघटनेत मला ‘तोफ’ म्हणतात ते उगाच नाही. मी पहिलं वाक्य उच्चारलं आणि संचालक दार उघडून बाहेर आले, माझ्या शेजारी पायरीवर बसले आणि म्हणाले, “बाई, तक्रार रास्त आहे. कुलपांच्या दालनात एक यंत्र बसवायचंय, बटण दाबलं की वस्तूची माहिती देणारं. ते कसं असावं हे तुम्हीच ठरवा. दीड महिना आहे.”

शत्रूने किल्लीच हातात दिली तर सेनापतीने काय करावं, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. आणि मी बत्तीस वर्षं ग्रंथपाल होते, तेव्हा हे मी खात्रीने सांगू शकते.

घरी आले तर ओट्यावर चिठ्ठी : ‘चहा झाकून ठेवलाय.’ लिहिणारे हे स्वतः तिथेच उभे. (‘मालक’ म्हणायला माझा विरोध, नावाने हाक मारायला यांचा, म्हणून पस्तीस वर्षं ‘हे’.) हल्ली बोलणं फार कमी केलंय यांनी. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, आता तोंडी शब्दांवरचा विश्वास उडाला असावा.

गुरुवार, ७ मार्च

समितीची पहिली बैठक. अध्यक्ष संचालक. सभासद आम्ही चौघे.

एक, यंत्राची रचना करणारी मुलगी. तिशीच्या आतली, मला मावशी म्हणते, हुशार आहे, पण शब्द गिळते. दोनदा सांगितलं, “पोरी, पोटातून बोल.” त्यावर मिस्त्री म्हणाले, “अजून मोठ्याने बोलली तर शेजारच्या दालनातले पुतळे उठतील, बाई.” मिस्त्री म्हणजे दुसरे सभासद, यंत्राची लाकडी पेटी करणारे सुतार. थट्टेची खोड आहे. तिसरे ऑपरेटर. जन्मापासून दृष्टी नाही, तीस वर्षं टेलिफोन केंद्रात काढली. समोरच्याचं जेवण झालंय की नाही हे त्याच्या ‘हॅलो’वरून सांगतात. चौथी मी.

संचालकांनी अडचण सांगितली. विश्वस्तांना यंत्र नकोच आहे. ‘दहा जणांसाठी कशाला एवढा खटाटोप, तिथे काचेचं कपाट मांडा,’ असं त्यांचं म्हणणं. मला ते ऐकून कसं बसवेल. उभी राहिले आणि म्हणाले, “दहा जणच आणा. दहा तऱ्हांचे. एकेकाला यंत्रापुढे एकटं सोडा. दहांतल्या एकानेही मदतीला हाक मारली, तर हे यंत्र मी स्वतः गोदामात ढकलीन आणि पुन्हा या इमारतीची पायरी चढणार नाही.”

मिस्त्रींनी टाळी वाजवली. संचालकांनी खिशातून पेन काढलं. “हे इतिवृत्तात घेतो. विश्वस्त यावर नक्की राजी होतील.”

“घ्या,” म्हटलं.

जिन्यात ऑपरेटर म्हणाले, “बाई, ते टाळीचं वाक्य होतं. टाळीची वाक्यं लिहून द्यायची नसतात.”

खरं आहे. पण तोंडातून सुटलेलं वाक्य परत घेणाऱ्यांतली मी नाही. परीक्षा १३ एप्रिलला.

मंगळवार, १२ मार्च

मिस्त्रींच्या कारखान्यात पुठ्ठ्याचा नमुना उभा राहिला. वर उतरता फळा, खाली मोकळी जागा, बाजूला आडोसा. मुलगी त्याला ‘कियॉस्क’ म्हणते. मिस्त्री भोवती एक चक्कर मारून म्हणाले, “ही तर टपरी झाली.” नाव चिकटलं. संचालकांच्या कागदावरसुद्धा आता टपरी आहे.

मिस्त्री आज सकाळपासून उसन्या व्हीलचेअरवर बसून काम करत होते. दुपारपर्यंत गुडघे तीनदा आपटले, तेव्हा पेटीचा तळ चार बोटं आत घेतला. ऑपरेटरना गुळगुळीत काच चालत नाही. “काचेवर बोट फिरवणं म्हणजे बर्फावर सुई शोधणं,” म्हणाले. म्हणून बटणं खरीखुरी, उठावाची, प्रत्येकाचा आकार वेगळा, आणि मुठीने किंवा कोपराने दाबली तरी चालतील इतकी मोठी. मी एकच मागितलं, कुबडी टेकवायला डावीकडे एक खाच. कुठल्याही कचेरीत खिडकीशी गेलं की कुबडी घसरून पडते, सगळे वळून बघतात, आणि मग आपण जे मागायला आलो असतो ते निम्म्याने कमी मागतो. हे मी चव्वेचाळीस वर्षं सोसलंय. मिस्त्रींनी लगेच पटाशी घेतली.

टपरीच्या मधोमध खऱ्या कुलपाची मोठी लाकडी प्रतिकृती असेल, एक बाजू उघडी, आतले खटके हाताने उचलता येतील अशी. ऑपरेटरनी एका मिनिटात उघडली. “तीन खटके. मधला आळशी आहे. आणि मिस्त्री, किल्लीची छिद्रं दोन का? एक वर, एक पार खाली?”

“अस्सल कुलूप हातभर लांब आहे, त्याला दोन आहेत, म्हणून केली. का ते मला काय ठाऊक.”

सोमवार, १८ मार्च

आज वाद झाला. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी टपरीत आवाज आहे, जाड फोन कानाला लावून ऐकायचा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी खुणांच्या भाषेतली चित्रफीत आहे. दोन्हींसाठी मी भांडले आणि दोन्ही मिळवलं. आता मुलगी म्हणते, बोललेला प्रत्येक शब्द पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटवणारं तिसरं बटण हवं.

“कुणासाठी?” मी विचारलं.

“मधल्यांसाठी, मावशी. थोडं ऐकू येतं, थोडं नाही. त्यांना खुणांची भाषा येत नसते, आणि आपल्याला कमी ऐकू येतं हे ते कबूलही करत नाहीत.”

“असे असून असून कितीसे असणार?”

मिस्त्री नखातला भुसा काढू लागले. मी सांगितलं की अक्षरं माझा प्राण आहेत, पण फळ्यावर बटणांची गर्दी झाली तर माणूस बावरतो. मतदान झालं. तीन विरुद्ध एक. एक मी. लोकशाही आहे, मान्य केलं. पण माझा विरोध इतिवृत्तात नोंदवायला लावला.

शुक्रवार, २२ मार्च

फोनमध्ये वाजणारा मजकूर मी लिहिला होता, आज माझ्याच आवाजात घेतला. ‘कुलूप म्हणजे माणसाचा माणसावरचा अविश्वास, लोखंडात ओतलेला.’ तिथून सुरुवात करून राजवाडे, तुरुंग, स्त्रियांच्या पेट्या आणि बंदिस्त ज्ञान यांवरून मी अखेर मुक्तीपर्यंत पोचते. अकरा मिनिटं. एवढं बांधेसूद मी बऱ्याच वर्षांत काही लिहिलं नव्हतं.

ऑपरेटर ऐकायला बसले. चौथ्या मिनिटाला त्यांची बोटं फळ्यावर फिरू लागली. सहाव्या मिनिटाला त्यांनी फोन कानावरून काढला.

“थांबवायचं बटण कुठंय?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आठ बटणं होती. चालू करायचं, पुन्हा ऐकायचं, आवाज वाढवायचं, सगळी. थांबवायचं नव्हतं. कुणालाही सुचलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला अजूनही पटलेलं नव्हतं. म्हटलं, “थांबवायचं कशाला?”

“समजा एखाद्याला लघवीला लागली.”

मुलीने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

“बाई,” ऑपरेटर म्हणाले, “अकरा मिनिटं उत्तम बोललात. पण दोन छिद्रं का, ते माझ्या बोटांनी पहिल्या मिनिटाला विचारलं होतं. त्याचं उत्तर तुमच्यात नाही. तोफेला तोंड असतं, कान नसतात.”

मी कुबडी उचलली आणि घरी आले.

रविवार, २४ मार्च

दोन दिवस धुमसले. आज कळलं की त्यांनी नवा मजकूर करायला घेतला आहे आणि करतंय कोण, तर हे. मुलीने फोन केला, यांनी उचलला, आणि पाच मिनिटांत फितूर झाले. लाल पेन्सिल घेऊन संग्रहालयाची जुनी नोंदवही चाळायला निघालेसुद्धा.

“माझ्या अकरा मिनिटांचं काय करणार?” मी दारात अडवून विचारलं.

चिठ्ठी : ‘दीड मिनिट.’

मी जाहीर केलं की मी तो मजकूर वाचणार नाही आणि ऐकणारही नाही. आवाजही ऑपरेटरचा घेणार आहेत म्हणे. घेऊ देत.

यांनी निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. राग तिथेच निम्मा उतरतो, हे यांना माहीत आहे आणि म्हणूनच हे हात ठेवतात. हा अन्याय आहे.

मंगळवार, २ एप्रिल

टपरी आता लाकडात उभी आहे, आणि देखणी आहे. थांबवायचं बटण चौकोनी, सगळ्यांत मोठं. मुलीने त्याच्याकडे मुद्दाम बघितलं नाही, मीही नाही.

मी फोनची तपासणी केली, बटणाच्या सूचनांपुरती. मजकुराच्या आधी थांबवलं, शपथ पाळली. फोन सदोष आहे. स्टुलावर बसून उजव्या कानाला लावला की बंद, डाव्याला लावला की चालू. मुलीने तीन वेळा बदलून दिला. तिन्ही सदोष. मिस्त्रींनी तिसरा उजव्या कानाला लावला आणि म्हणाले, “मला तर खणखणीत येतंय.” मी म्हटलं, “मिस्त्री, तुम्ही जन्मभर करवतीशेजारी उभे राहिलात, तुमच्या कानाची साक्ष कोर्टात टिकणार नाही.”

मुलगी काहीतरी बोलायला आली होती. मग म्हणाली, “असू दे मावशी. अक्षरांचं बटण आहेच.” त्याचा इथे काय संबंध, कळलं नाही.

शुक्रवार, १२ एप्रिल

उद्या परीक्षा, आणि आज घोटाळा. दहांपैकी दहावे, निवृत्त पोस्टमन, हात थरथरणारे, तापाने आडवे झाले. संचालकांचा फोन आला. यांनी घेतला आणि लिहून माझ्यासमोर ठेवला : ‘इतिवृत्तात दहा आहेत, विश्वस्त नऊ चालवून घेणार नाहीत. नवा मजकूर तुला ठाऊक नाही, म्हणून दहावी तू चालशील का, विचारतात.’

त्याखाली, वेगळ्या हाताने लिहिल्यासारखं, बारीक : ‘नाही म्हण.’

“का?” मी विचारलं.

यांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसले.

परक्याने आणीबाणीत कच खाल्ली तर समजू शकते. घरच्या माणसाने? माझं वाक्य, माझी शपथ, माझी टपरी. मी ‘हो’ म्हणाले. यांनी तेही शुद्धलेखनाच्या सगळ्या नियमांनिशी कळवलं.

शनिवार, १३ एप्रिल

सगळं लिहून ठेवते, घडलं तसं.

दालन रिकामं केलं होतं. मागच्या भिंतीशी दोन विश्वस्त आणि आमची समिती. बोलायचं नाही, खोकायचंही नाही. एकेकाने आत जायचं, टपरीशी कुलूप उघडायचं, मजकूर मिळवायचा आणि दाराशी बसलेल्या संचालकांच्या एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं : खालचं छिद्र कुणासाठी केलं होतं? उत्तर त्यांच्या कानात सांगायचं, इतरांना कळू नये म्हणून.

व्हीलचेअरवरची शिंपीण गेली, गुडघे आपटले नाहीत. पांढऱ्या काठीवाले दोघे गेले. खुणांच्या भाषेतली माझी जुनी मैत्रीण चित्रफीत बघून स्वतःशीच हसत बाहेर पडली. एका बाईंच्या कडेवर बाळ होतं, त्यांनी सगळं कोपराने केलं. ज्याला गोंगाट आणि अनोळखी माणसं सोसत नाहीत असा एक तरुण पाच मिनिटं आडोशाला नुसता उभा राहिला. विश्वस्त घड्याळं बघू लागले. मग त्याने थांबवायचं बटण चार वेळा दाबलं, थांबतंय याची खात्री करून घेतली आणि मगच चालू केलं. त्या क्षणी त्या चौकोनी बटणाला मी मनातल्या मनात मुजरा केला. सातवा, आठवा, नववी. नऊ झाले. एकानेही हाक मारली नव्हती.

दहावी मी.

कुबडी खाचेत ठेवली. पडली नाही. डाव्या हाताने कठडा धरला, त्याशिवाय मला उभं राहता येत नाही. कुलूप उघडलं, मधला खटका खरंच आळशी आहे. उजव्या हाताने फोन घेऊन उजव्या कानाला लावला, बटण दाबलं.

काही नाही. लांब कुठेतरी माशी फिरावी तसं. आवाज वाढवला, पुन्हा वाढवला. माशी जरा मोठी झाली. डाव्या कानाला न्यायचा तर तार पोचेना, कठडा सोडला तर मी खाली बसले असते. यंत्र ऐन वेळी बंद पडलं होतं आणि मी तोंड उघडलं, “मिस्त्री, फोन...” म्हणायला. ‘मि’ ओठांपर्यंत आला होता. समोर भिंतीशी हे उभे दिसले. कधी आले होते कुणास ठाऊक. चेहरा कागदासारखा पांढरा. चव्वेचाळीस वर्षं हजारो माणसांपुढे जे तोंड कधी मिटलं नाही, ते मी मिटलं.

मग फळ्याकडे बघितलं. तिसरं बटण, गोल, त्यावर उठावाचं अक्षर. माझं मत ज्याच्या विरोधात नोंदलेलं आहे ते.

दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, बोटभर उंचीची, एकेक ओळ, घाई न करता.

‘हे कुलूप दोन भावांच्या चपलांच्या दुकानाचं. थोरल्याला उभं राहता येत नसे, तो चाकांच्या फळीवर बसून येई. रोज तोच आधी पोचे, पण छिद्र उंचावर, म्हणून धाकटा येईपर्यंत बाहेर थांबे. समोरच्या लोहाराने ते पाहिलं. एका सकाळी कुलपाला दुसरं छिद्र होतं, खाली, बसलेल्या हाताच्या उंचीवर. कुणी मागितलं नव्हतं.’

मी ते दोनदा वाचलं. मजकूर माझा असता तर लोहाराला मी भाषण करायला लावलं असतं. यांनी त्याला नुसतं छिद्र पाडू दिलं.

संचालकांच्या कानात उत्तर सांगितलं. ते दचकून मागे सरले आणि म्हणाले, “बाई, ते आता सगळ्या दालनाला कळलं, पण तुम्ही शेवटच्याच होतात. दहा.” विश्वस्तांनी सही केली. मिस्त्रींनी टोपी हवेत उडवली आणि ती एका पुरातन तिजोरीवर पडली.

मी फोनबद्दल तक्रार केली. ऑपरेटर लगेच टपरीशी गेले, फोन उजव्या कानाला लावून दीड मिनिट निवांत ऐकत राहिले. “आपलाच आवाज ऐकायची हौस, दुसरं काय. बाई, फोन उत्तम चाललाय.”

म्हणजे मधल्या काळात दुरुस्त झाला असावा.

रविवार, १४ एप्रिल

मधल्या काळात कुणीही त्याला हात लावला नव्हता. मी मिस्त्रींना विचारलं, मुलीला विचारलं. दोघांनीही एकाच सुरात ‘नाही’ म्हटलं आणि दोघंही दुसरीकडे बघू लागले.

एक विचार आला आहे. झटकला. चहानंतर परत आला.

मंगळवार, १६ एप्रिल

आज दालन खुलं झालं. भाषण माझं होतं. साडेतीन मिनिटं. संघटनेतल्यांना वाटलं माझी तब्येत बरी नाही. समारंभानंतर टपरीशी रांग लागली. त्यात ज्यांना काहीच अडचण नाही असे कितीतरी होते, आणि तिसरं बटण त्यांच्यातल्या निम्म्यांनी दाबलं. मी मोजत होते. वयस्क गृहस्थ फोन लावत, भुवया आक्रसत, इकडेतिकडे बघत आणि हळूच गोल बटणाकडे बोट नेत. चोरी केल्यासारखं. मी त्यांना ओळखत होते. कुठून, ते आज दिवसभर विचार करून कळलं.

घरी यांना समोर बसवलं. “किती दिवस झाले?”

यांनी कागद ओढला. मी तो काढून घेतला. “बोला. मोठ्याने.”

“दोन वर्षं,” हे म्हणाले. किती दिवसांनी ऐकला हा आवाज. घोगरा झालाय.

“आणि सांगितलं का नाही?”

“तुला सांगायचं तर बोलावं लागतं,” हे म्हणाले, “आणि तुझ्यापुढे बोलण्यात मी कधी जिंकलोय?”

दोघंही हसलो. मग मी काही वेळ बोलले नाही, हे या वहीत नोंदवून ठेवते.

जे मला काल-परवापर्यंत कुणी सांगू शकलं नाही, ते उद्याच्या सभेत पहिल्या वाक्यातच सांगणार आहे. मसुदा असा :

सगळं जग अलीकडे पुटपुटायला लागलंय असं वाटणाऱ्यांनो, सुना शब्द गिळतात, फोन सदोष निघतात, घरचं माणूस अबोल झालंय, अशी तक्रार करणाऱ्यांनो, मी तुमच्यातलीच आहे. जग पुटपुटत नाही. दुसऱ्यांसाठी लढायला आपण त्यांच्या रांगेत उभे राहिलो, पण आपल्या स्वतःच्या रांगेत उभं राहायची लाज वाटली. ती आता पुरे. गुरुवारी सकाळी दहा वाजता कानाच्या डॉक्टरांकडे जा आणि दोन्ही कान तपासून घ्या. पहिला नंबर मी लावला आहे. माझ्या मागे उभे राहा.